डिले पेडल कोणतं घेऊ? आधी ढोलकीवाल्याकडे बघ

पत्र असं आहे, थोडं कापून देतोय (डिले पेडल म्हणजे पायाने चालू-बंद करायची डबी, गिटारवर वाजवलेला सूर ती थोड्या वेळाने परत परत ऐकवते):

"दादा, मी सांगलीचा, वय 22. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. दोन सिंगर, एक कीबोर्ड, एक जण ढोलकी आणि ऑक्टोपॅड सांभाळतो, आणि मी लीड गिटार. गणपती, कोजागरी, लग्नाचं संगीत असे कार्यक्रम करतो, मराठी-हिंदी गाणी. माझ्याकडे छोटा अ‍ॅम्प आहे, त्याच्याच डिस्टॉर्शन चॅनलवर (रॉकमधला फाटका आवाज) सोलो वाजवतो. एक बॉस डीएस-1 हे डिस्टॉर्शन पेडल पण आहे पण तो कपाटात पडून असतो. आता डिले पेडल घ्यायचंय, बजेट दहा हजार. एक मित्र म्हणतो अ‍ॅनालॉगच घे, डिजिटलमध्ये जीव नसतो. दुसरा म्हणतो थांब, पैसे साठव आणि सरळ स्ट्रायमन कंपनीचं महागडं पेडल घे. मध्ये एकाचं पेडल आणून बघितलं, क्लीनवर, म्हणजे डिस्टॉर्शन न लावता, भारी वाटलं पण डिस्टॉर्शन लावलं की सगळा चिखल. पेडल खराब होतं का? नक्की कोणतं घेऊ? आणि लूपर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून परत परत वाजवणारा) असलेलंच घ्यावं का?"

मित्रा, पेडल खराब नव्हतं. तू कोणतंही आणलं असतंस, अगदी तो दुसरा मित्र म्हणतोय ते स्ट्रायमन आणलं असतंस तरी चिखलच झाला असता, कारण तुझं डिस्टॉर्शन अ‍ॅम्पच्या आत आहे आणि पेडल अ‍ॅम्पच्या बाहेर, म्हणजे डिले आधी आणि डिस्टॉर्शन नंतर अशी उलटी साखळी झाली. डिस्टॉर्शन काय करतं, मोठा आवाज दाबून आणि छोटा आवाज उचलून दोन्ही जवळपास एका पातळीला आणतं. आता डिलेचा दुसरा, तिसरा रिपीट हळू हळू विरत जायला पाहिजे ना, तो विरतच नाही, डिस्टॉर्शन त्याला परत उचलून वर आणतं. वर तू पुढचा सूर वाजवलेला असतो, तो आणि मागच्या सुराचा रिपीट एकाच वेळी डिस्टॉर्शनमध्ये घुसतात आणि एकमेकांत मिसळून कुठलाच सूर धड ऐकू येत नाही. क्लीनवर भारी वाटलं ते म्हणूनच.

मोठ्या अ‍ॅम्पना मागे सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं असतात, त्याला इफेक्ट्स लूप म्हणतात, तिथे डिले लावला की तो आपोआप डिस्टॉर्शनच्या नंतर येतो. तुझ्या अ‍ॅम्पच्या मागे बघ, असेल तर प्रश्नच मिटला. पण छोट्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पना बहुतेक वेळा नसतो. नसेल तर तो कपाटातला डीएस-1 बाहेर काढ. अ‍ॅम्प कायम क्लीनवर, गिटारची केबल डीएस-1 मध्ये, तिथून डिले, तिथून अ‍ॅम्प. डीएस-1 चा आवाज लोकांना टोचरा वाटतो कारण सगळे टोन नॉब मध्यावर किंवा पुढे ठेवतात, तू तो घड्याळाचा काटा नऊ-दहा वाजता जिथे असतो तिथे ठेव आणि डिस्टॉर्शन पण अर्ध्याच्या खालीच ठेव, मग बघ. डिले घ्यायच्या आधी हे कर, फुकट आहे, आणि एकदा त्या उसन्या पेडलवर परत वाजवून बघ म्हणजे माझ्यावर विश्वास बसेल.

आता ते अ‍ॅनालॉग-डिजिटल. या विषयावर लोक रात्र रात्र भांडतात आणि त्यातले निम्मे जण डोळे मिटून ऐकवलं तर ओळखणार नाहीत, असं माझं मत आहे, असो. फरक आहे, पण तो जीव असण्या-नसण्याचा नाहीये. पूर्वी टेपवर इको करायचे, फिरत्या टेपवर आवाज रेकॉर्ड करायचा आणि थोडं पुढे बसवलेल्या दुसऱ्या हेडने तो वाजवायचा, इकोप्लेक्स हे त्यातलं मोठं नाव, मग 1974 ला रोलंडचा स्पेस इको आरई-201 आला. पिंक फ्लॉइडचा गिटारिस्ट डेव्हिड गिल्मोर सुरुवातीला बिन्सन एकोरेक वापरायचा, त्यात टेपच्या ऐवजी फिरणारी चुंबकी चकती होती. ही सगळी यंत्रं जड, महाग आणि नाजूक. मग एक चिप आली तिचं नावच बकेट ब्रिगेड, म्हणजे गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेने उभी राहून बादल्या पुढे पुढे देतात तसं, गिटारचा सिग्नल चिपच्या आत एका खणातून पुढच्या खणात सरकत जातो, काही चिपमध्ये असे 4096 खण असतात. शेवटच्या खणातून बाहेर पडेपर्यंत जो वेळ लागला तो तुझा डिले. जास्त लांब डिले हवा असेल तर बादल्या हळू द्यायच्या, आणि जितकं हळू तितका आवाजातला वरचा, चमकदार भाग गळतो आणि खरखर वाढते, मग ती खरखर लपवायला फिल्टर लावून आवाज अजून बोथट करतात. लोक ज्याला अ‍ॅनालॉगचा गरम आवाज म्हणतात ना, त्याचं मूळ मुख्यतः हे आहे. म्हणूनच बॉसच्या 1981 च्या डीएम-2 ला जेमतेम 300 मिलिसेकंद मिळायचे आणि आत्ताचा एमएक्सआर कार्बन कॉपी 600 ला थांबतो. डीएम-2 नंतर 1983 ला बॉसने डीडी-2 काढला, छोट्या पेडलमधला पहिला डिजिटल, 800 मिलिसेकंद आणि रिपीट जवळपास मूळ सुराइतका स्वच्छ. तेव्हा लोकांना तो स्वच्छपणा म्हणजे चमत्कार वाटला होता, आता त्यालाच जीव नाही म्हणतात.

अजून एक, बाजारात स्वस्तात अ‍ॅनालॉग म्हणून जे विकलं जातं त्यातल्या बऱ्याच पेडलमध्ये पीटी2399 नावाची चिप असते, ती कराओके मशीनच्या इकोसाठी बनवलेली आणि आतून चक्क डिजिटल आहे. वाईट नसते, छोट्या डिलेला मस्तच वाजते, पण साडेतीनशे मिलिसेकंदच्या पुढे गेलं की खरखरायला लागते. तुझ्या मित्राने ज्यावरून शपथ घेतलीय ते पेडल उघडून बघायला हरकत नाही.

पण तुझ्या बाबतीत खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो तू पत्रात एका ओळीत लिहून पुढे निघून गेलायस. तुमच्याकडे ढोलकी आहे.

यूट्यूबवर डिले पेडलचे जे डेमो बघतोयस त्यात माणूस एकटा खोलीत बसलेला असतो किंवा मागे मशीनचा ठोका असतो. तिथे तो यू2 बँडचा गिटारिस्ट एज याच्यासारखा डॉटेड एटथ डिले लावतो, म्हणजे एका मात्रेच्या पाऊण भागावर रिपीट पडतो, आणि दोन सूर वाजवले तरी चार वाजल्यासारखे वाटतात. गणित सोपं आहे, 60,000 ला टेम्पोने (मिनिटाला किती मात्रा) भागायचं, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात, त्याचे पाऊणपट केले की झालं. टेम्पो 100 असेल तर मात्रा 600 ची आणि डिले 450 चा. आता तुमचं गाणं 100 ला सुरू झालं, पब्लिक उठलं, ढोलकीवाल्याच्या अंगात आलं आणि दुसऱ्या अंतऱ्याला लय 108 वर गेली, जे जिवंत कार्यक्रमात होणारच आणि व्हायलाच पाहिजे नाहीतर ढोलकी कशाला ठेवलीय. तिथे डिले पाहिजे साधारण 417 चा आणि तुझं पेडल अजून 450 वरच अडून बसलंय. पहिल्या रिपीटला फक्त 33 मिलिसेकंदचा फरक, कळणार पण नाही कदाचित. पण तिसरा रिपीट येईपर्यंत तो 100 मिलिसेकंद मागे पडलेला असतो आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं गिटारवाल्याला लय कळत नाही. तुला स्वतःला वाटतं ढोलकीवाला पळतोय. भांडण ठरलेलं.

यातून बाहेर पडायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे टॅप टेम्पो, पायाने चार ठोके दिले की डिले त्या लयीवर येतो, गाणं पुढे गेलं की परत ठोके द्यायचे. दुसरा म्हणजे रिपीट इतके मंद आणि बोथट ठेवायचे की ते लयीत आहेत की नाहीत हे कुणाला कळूच नये, नुसती सुरामागे थोडी हवा राहावी. आणि इथे तुझा अ‍ॅनालॉगवाला मित्र बरोबर आहे, फक्त त्याचं कारण चुकलंय. बोथट रिपीट गर्दीत लपतात, स्वच्छ डिजिटल रिपीट प्रत्येक वेळी हात वर करून सांगतो की मी आलो. पण त्यासाठी खरी बकेट ब्रिगेडच पाहिजे असं नाही, बहुतेक डिजिटल पेडलना अ‍ॅनालॉग किंवा टेप असा मोड असतो तो हेच काम करतो. साधा कार्बन कॉपी आवाजाला सुंदर आहे पण त्याला टॅप नाही, त्यामुळे तुला एकच रस्ता उरतो. तुला दोन्ही रस्ते उघडे हवेत.

काही गाणी तुम्ही कीबोर्डच्या स्टाईलवर, म्हणजे त्यातल्या तयार ठोक्यावर, वाजवत असाल, तिथे काम अगदी सोपं, टेम्पोचा आकडा कीबोर्डच्या स्क्रीनवरच दिसतो, तो विचारून घे आणि घरीच भागाकार करून कागदावर लिहून ठेव.

आता घ्यायचं काय. नवीन बॉस डीडी-8 किंवा डीडी-3टी दहा हजारात बसत नाही, त्यामुळे माझं मत सेकंडहँडकडे जा. पहिला पर्याय टीसी इलेक्ट्रॉनिकचा फ्लॅशबॅक, तो पहिला वाला. त्यात अ‍ॅनालॉग, टेप, स्लॅप सगळे मोड आहेत, डॉटेड एटथसाठी वेगळा छोटा स्विच आहे म्हणजे तू सरळ मात्रेचे ठोके द्यायचे, पाऊणपट ते स्वतः करतं. आणि टॅप करायची पद्धत मजेशीर आहे, स्विच दाबून धरायचा आणि गिटारच्या तारांवरच लयीत स्ट्रोक मारायचे, सोडला की टेम्पो बसला. तेवढा वेळ गिटारचा आवाज बंद राहतो, त्यामुळे सोलोच्या मधोमध करू नकोस, सिंगर ओळ म्हणत असताना किंवा ढोलकीच्या तुकड्यात उरकून घे. दुसरा पर्याय बॉस डीडी-7. त्यातही अ‍ॅनालॉग मोड आहे, पेडल दाबून धरून टॅप करता येतं पण चालू कार्यक्रमात ते जरा त्रासाचं होतं म्हणून बाहेरून एक छोटा फूटस्विच लाव, बॉसचा एफएस-5यू. यू वाला बघून घे, एल वाला नको, एल वाला दाबला की दाबलेलाच राहतो आणि मग टॅप करताना दर वेळी दोनदा पाय मारत बसशील. त्याच्यावर पोलॅरिटीची एक छोटी पट्टी असते, ठोके विचित्र यायला लागले तर ती सरकवून बघायची.

दोन्हींत मी फ्लॅशबॅककडे झुकेन. पण डीडी-7 चांगल्या अवस्थेत आणि ओळखीच्या माणसाकडून मिळत असेल तर फार विचार करत बसू नकोस, बॉसची पेडलं लाथा खाऊन पण चालतात. स्ट्रायमनचं म्हणशील तर आवाज अप्रतिम आहे, यात वाद नाही, पण कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर दुधाच्या ग्लासांच्या मधून वाजवताना त्यातला जो फरक आहे तो तुझ्या अ‍ॅम्पमधून बाहेरच पडणार नाही. ते पैसे आधी अ‍ॅम्पमध्ये घाल.

घेताना भेटूनच घे, कुरियरने नको, आणि तुझी गिटार घेऊन जा. सगळे नॉब हळू हळू फिरव, करकर आली तर समज धूळ आहे, तेवढ्याने नाही म्हणू नकोस पण भाव पाड. पॉवरची पिन लावून जरा हलव, पेडल बंद-चालू झालं तर जॅक सैल आहे, ते सोडून दे किंवा दुरुस्तीचे पैसे वजा कर. बॅटरीचं झाकण उघडून बघ, आत हिरवट-पांढरं साठलेलं असेल तर बॅटरी गळलेली आहे. फीडबॅक नॉब (रिपीट किती यायचे ते ठरवणारा) पूर्ण फिरव, रिपीट थांबता कामा नयेत. आणि शेवटी एक सूर वाजवून लगेच पेडल बंद कर. रिपीटचं शेपूट विरत जातं की कापल्यासारखं तुटतं ते ऐक. सोलोच्या शेवटच्या सुरावर तू पेडल बंद करणार तेव्हा हे फार जाणवतं. फ्लॅशबॅकमध्ये तुटत असेल तर घाबरू नकोस, आत दोन बारीक स्विच आहेत, ट्रू बायपासवरून बफर्डवर केलं की शेपूट राहतं. विकणाऱ्यालाच बऱ्याचदा हे माहीत नसतं आणि तो म्हणतो ओरिजिनल असंच आहे.

सेटिंग घरी करून जाऊ नकोस, म्हणजे कर, पण मिक्सचा नॉब (डिले किती ऐकू यायचा ते ठरवणारा) तरी जागेवर जाऊनच लाव. घरी गादी, पडदे, कपाट, सगळं आवाज पिऊन टाकतं म्हणून डिले कमी वाटतो आणि आपण वाढवतो. तोच घेऊन पत्र्याच्या मंगल कार्यालयात गेलास की तिथे हॉलचाच इतका घुमारा असतो की डिले जवळपास बंद केला तरी चालतो. उघड्या मैदानावर, गणपतीच्या मांडवात उलटं, तिथे आवाज निघून जातो, थोडा वाढवायला लागतो. सुरुवात म्हणून सोलोला मिक्स नऊ-साडेनऊ वाजल्यावर, दोन किंवा तीन रिपीट, वेळ चारशेच्या आसपास. जुन्या हिंदी गाण्यातला टणटण वाजणारा तुकडा असेल तर शंभर मिलिसेकंद, एकच रिपीट, मिक्स थोडा जास्त. हा छोटा डिले लयीच्या भानगडीत पडतच नाही त्यामुळे टॅपची पण गरज नाही.

आणि साऊंडवाला! त्याला कार्यक्रमाच्या आधी चहा पाजून सांग की माझ्या अ‍ॅम्पसमोर माईक लावलास की त्या चॅनलचा इफेक्टचा नॉब पूर्ण खाली ठेव. आपल्याकडे सगळ्यांना निवेदकाच्या माईकवर इको लागतो, नमस्कार म्हटलं की तीन वेळा नमस्कार, आणि तो देताना साऊंडवाला सवयीने सगळ्याच चॅनलला थोडा थोडा देऊन टाकतो. तुझा डिले त्याच्या लयीत, मिक्सरचा इको त्याच्या मनाच्या लयीत, आणि तू तिकडे स्टेजवर पेडलचे नॉब फिरवत बसणार की आज काय झालं याला. स्टेजवरून तुला हे ऐकू पण येणार नाही कारण तुझ्या कानाशी तुझा अ‍ॅम्प आहे. साऊंडचेकला कीबोर्डवाल्याला पब्लिकमध्ये उभं कर आणि तू तारा हाताने दाबून नुसता टक असा एक स्ट्रोक मार. किती टक येतात ते त्याला मोजू दे, तू लावलेत त्यापेक्षा जास्त आले तर मिक्सरकडे जायचं.

अडाप्टरचं पण सांगतो कारण पेडलं सगळ्यात जास्त तिथेच मरतात. 9 व्होल्ट, मधली पिन मायनस, आणि फ्लॅशबॅकला निदान 100 मिलिअ‍ॅम्प. राऊटरचा अडाप्टर पिन बसते म्हणून लावू नकोस, तो साधारणपणे 12 व्होल्टचा आणि मध्ये प्लस असतो. कीबोर्डवाल्याचा उसना घेतलास तर त्यावर छापलेलं चित्र आधी बघ. डीएस-1 आणि डिले एकाच अडाप्टरवरून जोडकेबलने चालवलेस आणि बारीक चिं असा आवाज आला तर तो डिजिटल पेडलचा आहे, दोघांना वेगळे अडाप्टर दे, जातो.

लूपरचं विचारलंयस. फ्लॅशबॅकमध्ये लूपर आहे, डीडी-7 मध्ये होल्ड म्हणून तसंच काहीतरी आहे, घरी रियाजाला दोन्ही कामाला येतील. पण लूपर मोडवर गेलं की डिले गेला, एका वेळी एकच. आणि पाच जणांच्या ग्रुपमध्ये ढोलकीच्या वर लूप लावायचा विचार असेल तर वर लय चढायचं जे लिहिलंय ते परत एकदा वाच आणि मग ढोलकीवाल्याला स्वतः जाऊन सांग, मी मध्ये पडणार नाही.